तिसरा सिलिंडर

आचरा तिठ्यावर पहाटे साडेचारला
बस्त्याव फर्नांडिसची व्हॅन आली, लंगडत.
शटर वर जायच्या आधीच मला कळलं:
खक् खक् … खक्.
जात्यात खडा आला की हात थबकतो,
तसं.

"बाय, पेट्रोलात पाणी आसा.
फिल्टर बदललंय, पंप धुतलंय.
कणकवलेक आठच्या आत पोचाक व्हया,
सुरमय आसा मागे."

सायलेन्सरच्या तोंडाशी तळवा धरला.
तीन फुंकरी कोरड्या,
एक ओलसर, कच्च्या पेट्रोलच्या वासाची.
म्हणजे पेट्रोल येतंय, हवा येतेय,
फक्त कुणीतरी काडी ओढत नाहीये.

ड्रायव्हरची सीट उलटी केली, इंजिन तिच्याच खाली.
चार कॉइल. एकेकीचं सॉकेट काढायचं आणि ऐकायचं.
पहिलं काढलं, गाडी खचली. लावलं.
दुसरं, खचली.
चौथं, बंदच पडायला आली.
तिसरं काढलं
आणि तिला पत्ताच नाही.

एवढ्यावर निवाडा करायचा नसतो.
कॉइल मेली, प्लग मेला, की खाली व्हॉल्व्ह जळला,
तिघंही सारखेच गप्प बसतात.
म्हणून तिसरीची कॉइल दुसऱ्या जागी,
दुसरीची तिसऱ्या.
परत चालू केली:
आता दुसरा मुका, तिसरा बोलतोय.

सगुणला म्हटलं, लाईट घालव.
इस्त्रीच्या बाटलीचा एक फवारा,
आणि काळोखात, रबराच्या भेगेतून
केसाएवढी निळी रेघ
तडतडत बाहेरच्या लोखंडाला जाऊन चिकटली.
पंचवीस हजार व्होल्ट,
आणि आत जायचा कंटाळा.

इंजिन बंद करून भेगेवरचं पांढरं बोटावर घेतलं. चाखलं.
मीठ.

"फुडल्या सीटवर काय ठेवतास?"
"बर्फाचो खोको.
झील बोटीर गेलो मां, सीट रिकामीच आसता."

बर्फ वितळायचा, सीटच्या शिवणीतून गळायचा,
रोज, कणकवलीपर्यंत,
नेमका तिसरीवर.
बस्त्यावने सीटकडे पाहिलं.
मी पान्याकडे.

इंजिन निवू दिलं.
गरम हेडातून ओढलेला प्लग आटे घेऊन येतो.
खोबणीतली वाळू फुंकून काढली,
मग चारही प्लग जुन्या पेपरावर मांडले.
तिघांचा रंग शेंगदाण्याच्या सालीचा, भाजलेल्या.
तिसरा काळा, ओला,
चुलीत पाणी ओतावं तसा.

"एकच घाल. बाकीचे तीन चलतत मां?"
चालतात.
पण वर्षभर चौघांचं ओझं तिघांनी ओढलंय.
गॅपमध्ये पत्ती घालून दाखवली,
आत हलत होती, सैल दातासारखी.
तो म्हणाला, बरां, चारव घाल.

नवा प्लग रबरी नळीच्या टोकात धरून
नुसत्या बोटांनी फिरवत सोडायचा.
नळी घसरली तर थांबायचं, आटा चुकतोय.
वॉशर टेकला की पुढे अर्धा फेरा, बस.
इथे ताकद दाखवणारा
पुढच्या वेळी हेड बदलतो.
कॉइल एक नवी.
जुन्या तिघींची रबरं पुसली, ग्रीस लावलं.

चावी.
मी काही बोलले नाही, सगुणच म्हणाला, "चार."
पोराचा कान तयार होतोय.

अर्धे पैसे आता, अर्धे शनिवारी,
वर दोन बांगडे, मी नको म्हणत असताना.
बर्फाचा खोका मागे गेला, कसाबसा.
रिकामी सीट बस्त्यावने फडक्याने पुसली,
दोनदा.

निघताना परत खाली उतरला.
"जुने टाकू नको हां. पागाक व्हयेत."
चारही प्लग पेपरात गुंडाळून खिशात घातले.

खाडीवर पाहिलंय मी.
पागाच्या काठाला ओवलेले असतात,
कुणाकुणाच्या गाड्यांचे, गंजलेले.
तो कमरेतून वळतो, जाळं गोल उघडतं,
आणि पाण्यावर एकच आवाज होतो.
एकही मागे राहत नाही.