कर्जाचे कारण: लग्नकार्य

यादीत पाच कारणं होती:
आजारपण, शिक्षण, प्रवास, घरदुरुस्ती, लग्नकार्य.
उलव्यातल्या दुसऱ्या फ्लॅटसाठी 'स्वतःचे' पैसे
हे कारण बँकेला सुचलं नव्हतं.
मी लग्नकार्यावर बोट टेकवलं.
गार्गी समोर बसून साताचा पाढा घोकत होती,
तिसरीत होती तेव्हा.

विनातारण, ठळक अक्षरांत.
गहाण काही नको, जामीन नको,
तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि एक सेल्फी.
चहाला उकळी येईस्तोवर आठ लाख खात्यात.
संजीवनी म्हणाली, तारण नाही म्हणजे
बुडालो तर तारणार कोण?
मी हसलो.
मराठी घेऊन बी. ए. केलंय तिनं, शब्द असे उलटून बघायची खोड आहे.

हिशेब माझा पक्का होता.
तुर्भ्याच्या मार्केटात कांदा-बटाट्याची खाती लिहितो मी,
गोणीमागे तूट किती धरायची ते झोपेतही सांगेन.
चाळीस लाखांचं घर. वीस टक्के आपले घालायचे,
तेच साडेचौदाने आणलेले;
उरलेले पावणेनऊने.
तांडेल म्हणाला, शेठ, डोंगर कापून विमानतळ करतायत,
भाव काय जमिनीवर राहणारेत?
हवाईसुंदऱ्या भाड्यासाठी रांग लावतील.
कांद्याला धरतो ती तूट
इथं धरायची राहून गेली.

पंधरवड्यानं फोन आला.
नंदकुमार चोरगे बोलताय? अभिनंदन सर, लग्न कुणाचं?
बहिणीचं, म्हणालो. मला बहीण नाही.
कधी?
वैशाखात.
मुलगा काय करतो?
विमानतळावर असतो.
ती मुलगी अगदी मनापासून म्हणाली, छान स्थळ मिळालं हो.

मग मुद्रांक शुल्क आठवलं.
दुसरं अ‍ॅप, कारण: आजारपण.
घरात सगळी ठणठणीत.
दिवाळीत गार्गीला ताप चढला, एकशे तीन,
मिठाच्या पाण्याची घडी तिच्या कपाळावर बदलताना
संजीवनी माझ्याकडे बघत राहिली,
जणू तापासाठी अर्ज मीच केला होता.

दर पाच तारखेला मोबाइल थरथरतो.
अठरा हजार आठशे बावीस: बहीण.
अठ्ठावीस हजार दोनशे एकोणऐंशी: घर.
आजारपणाचे वेगळे, ते सात तारखेला.
कधी कधी वाटतं, ती बहीण कुठंतरी असेलच.
इतका खर्च झालाय तिच्यावर.
साडीचा रंगसुद्धा मला आता माहीत आहे.

विमानं उडू लागली.
अकराव्या मजल्याच्या बाल्कनीतून दिसतात,
आधी दिवे, मग पोट, मग आवाज.
सी विंगला रात्री तीन खिडक्या उजळतात, त्यात आमची नसते.
तांडेल फोन उचलतो, हे त्याचं मोठेपण.
भाव? आहे तेवढाच. पण पडला नाही ना शेठ?

शेवटी चार पोरं आली, बीडकडची,
रात्रपाळीत विमानात सामान चढवणारी.
बारा हजार, चौघांत मिळून.
सगळ्यात लहानगा, दत्ता, दाराशी घुटमळला:
साहेब, डिपॉझिट निम्मं चालेल का?
बहिणीचं लग्न काढलंय.

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं.
खालमानेनं बुटाचं टोक
नव्याकोऱ्या फरशीवर घासत होता.
खरं की खोटं, मी कोण विचारणारा.
तरी तोंडातून गेलंच:
मुलगा काय करतो?

कुठं काय, म्हणाला, शोधतोय काहीतरी.
आमच्याइथं लावून देईन म्हणलंय.

मी किल्ली दिली.
पाणी सकाळी सातला येतं, सांगितलं,
आणि जिन्यानंच उतरलो, अकरा मजले,
साताचा पाढा म्हणत.