हद्द कायम

निजामपूरच्या पुढे, गट नंबर दोनशे चौदा.
अर्जदार सुपडाबाई, माहेरचा हिस्सा मागायला
उधन्याहून रात्रीच्या पॅसेंजरने आलेली.
सामनेवाला तिचा भाऊ हिलाल, बाभळीखाली पाठमोरा.
मी मोजणीदार. झिपरू शिपायाच्या खांद्यावर तिपाई.
आणि शेताच्या मधोमध ती भिंत.

काळी. दोन पुरुष उंच. पूर्वेच्या टेकडीवरून उतरते,
नाला ओलांडते, शाळेमागून निघते
आणि कोणालाही न विचारता तालुका संपेपर्यंत जात राहते.
आडवे दगड, सरपण रचावं तसे एकावर एक.
नकाशात मात्र एवढंच:
पोटखराब, शून्य हेक्टर नऊ आर.

"भाऊसाहेब, हाई भित कोनी बांधी?"
"राकेसनी. एक रातमा," झिपरू म्हणाला, तिपाईचे पाय रोवत.

मला दुसरं उत्तर माहीत होतं, तेही ऐकीवच.
गेल्या चैत्रात इथे तरन्नुम मोमीन भेटली होती,
धुळ्याच्या कॉलेजातली. पिशवीत हातोडा, भिंग, कळण्याची भाकर.
म्हणाली, मामू, ही भिंत नव्हतीच.
ही भेग होती.

एकदा सगळी जमीन एकच गट होती.
त्याआधीही एकदा होती, त्याच्याही आधी.
गटवारी व्हायची, फाळणी व्हायची, पुन्हा गटवारी.
अर्ज नाही, नोटीस नाही, पंच नाहीत,
समुद्र यायचा आणि हिस्से पाडायचा.
आपला तुकडा दक्षिणेच्या गोतावळ्यातला.
नाव गोंडवन, म्हणजे इकडचंच;
आज जिथे नुसता बर्फ आहे त्या खंडालाही
आपल्या एका जंगलाचं आडनाव.
आफ्रिका सुटली. बर्फाचा खंड सुटला.
नऊ कोटी वर्षांमागे मादागास्कर.
मग सेशेल्स, ओंजळभर बेटं,
तलाठ्याने वेगळी ओळही दिली नसती एवढा पोटहिस्सा.
ते सुटत होतं त्याच सुमारास
ही जमीन उत्तर-दक्षिण ताणली गेली,
विरलेल्या लुगड्यागत फाटली,
आणि फाटल्या जागी खालून वितळलेला दगड चढला,
भरला, थिजला.
भोवतीचं मऊ होतं. झिजत गेलं,
साडेसहा कोटी पावसाळे.
कापड गेलं.
शिवण उभी राहिली.

मी यंत्र सुरू केलं. सतरा उपग्रह सापडले.
पडद्यावर आकडे, दशांशानंतर आठ घरं.
हे मी पक्षकारांना सांगत नाही:
हे आकडे टिकत नाहीत.
अख्खा देश वर्षाला पाच सेंटीमीटर ईशान्येला सरकतो,
नखं वाढतात त्याहून थोडा जलद.
माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत साक्री तालुका,
कचेरी, कुलूप, दप्तरासकट,
दीड मीटर गेला.
आणि मी प्रत्येक दगडापाशी लिहीत आलो, हद्द कायम.
हिलाल चार बोटं बांधासाठी कोर्टात गेला होता.
चार बोटं म्हणजे दीड वर्ष.

"मंग आते हाई कोनी शे?"
सुपडाबाईने भिंतीवर तळवा ठेवला होता,
दगड तापला होता तरी.
सामाईक, मी म्हणालो. पोटखराबा सामाईकच राहतो.
ती हसली की उन्हाने डोळे बारीक झाले, कळलं नाही.

पौषातलं ऊन दक्षिणेकडून येतं.
भिंतीची सावली फक्त उत्तरेला पडते,
म्हणजे हिलालच्या हिश्शात.
सुपडाबाई तिथेच जाऊन बसली, पदराने मान पुसत.
थोड्या वेळाने तोही आला बाभळीखालून,
सावलीच्या दुसऱ्या टोकाला.
मधे तीसेक फूट. मी मोजले नाहीत.

तरन्नुम म्हणाली होती, वीस-पंचवीस कोटी वर्षांनी
सगळं पुन्हा एका जागी येणार.

झिपरूने तिपाई मिटली.
त्याला चारची गाडी धरायची होती.