तीन डिसेंबरचं कार्ड

नंदलालपुऱ्यातल्या आमच्या वाचनालयात
तीनशे सहासष्ट कार्डं होती,
बुटांच्या दोन खोक्यांत.
कार्डं पागनीसांची.
फळा वाचनालयाचा.
स्टूल शेजारच्या पानवाल्याचं,
आणि ते डगमगू नये म्हणून धरायला मी,
महिन्याला पाच रुपये आणि उरलेले खडू.

सकाळी आठला पागनीस
आज जगात काय काय झालं ते लिहीत.
आज म्हणजे कधीच्या तरी आज.
आधी शिरोरेषा, मग तिच्याखाली अक्षरं,
दोरीवर धुणं टाकावं तशी.
लढाईला आणि वाढदिवसाला उंची एकच.
"तारीख म्हणजे धर्मशाळा रे," म्हणायचे,
"येईल तो उतरतो."

त्या सोमवारी रंगीत खडू निघाले होते.
पहिल्या राष्ट्रपतींची जन्मशताब्दी, केशरी अक्षरांत.
खाली पांढऱ्यात:
१८००, होहेनलिंडनची लढाई
(हे नाव दर वर्षी दोनदा पुसलं जाई).
१९१०, पॅरिसच्या लोकांनी निऑनचा दिवा पाहिला.
१९६७, केपटाउनमध्ये एका माणसाच्या छातीत
दुसऱ्याचं हृदय बसवलं.
१९७१, संध्याकाळी विमानं आली, युद्ध सुरू.
फळा भरला.
पागनीस उतरले, दोन पावलं मागे गेले,
मान कलती करून बघत राहिले.
मला वाटलं, झाला हा दिवस पुरा.

सव्वानऊच्या सुमाराला सरवटे स्टँडकडून
एक माणूस आला. अंगावर बायकी शाल,
कडेवर मूल, मुलाच्या एकाच पायात मोजा.
"नल है?"
मी नळ दाखवला.
त्याने मुलाचे डोळे धुतले, मग स्वतःचे,
मग परत मुलाचे.
बंद खोलीत कुणी मिरच्यांचं पोतं जाळावं
असे डोळे.
मला वाटलं, डोळ्यांची साथ असेल.

मग तो फळ्यासमोर उभा राहिला,
पाणी गळत होतं ते न पुसता.
"पढ़ा नहीं जा रहा," म्हणाला.
"इसमें भोपाल का कुछ है?"

पागनीसांनी त्याच्यासाठी खोकं उघडलं.
कार्डाच्या दोन्ही बाजू पाहिल्या,
अर्धवट उत्तर द्यायची त्यांना सवय नव्हती.
मग चष्मा कपाळावर घेऊन, अदबीने:
"नहीं साहब. तीन दिसंबर को
भोपाल में कुछ नहीं हुआ."

तो "अच्छा" म्हणाला.
खरंच, तेवढंच.
मूल दुसऱ्या कडेला घेतलं
आणि सियागंजाकडे चालू लागला.

दुपारी पानवाल्याच्या रेडिओने सांगितलं.
पागनीस डबा उघडून बसले होते.
हात न धुताच स्टँडकडे गेले,
सायकल इथंच राहिली.
नाव विचारलेलं नव्हतं.
एका पायातल्या मोज्यावरून
कोण कुणाला शोधून देणार,
तिथं त्या दिवशी सगळीच माणसं तशी.

कार्डावर सहावी ओळ आली.
साल शाईने, गाव शाईने.
आकडा पेन्सिलीने.
कारण पेपरांचा एक, सरकारचा एक,
आणि जाऊन आलेल्यांचा कुठलाच नाही.
दर डिसेंबरात खोडायचे, नवा लिहायचे.
आठव्या की नवव्या वर्षी
खोडरबराने कार्डाला भोक पडलं.
पागनीसांनी दुसरं कार्ड केलं नाही.
भोकाच्या अलीकडे "भोपाळ", पलीकडे "माणसं".

ते कार्ड माझ्याकडे आहे.
होहेनलिंडन मलाही एका दमात लिहिता येत नाही.

पण आठवतं ते वेगळंच.
त्या सालानंतर फळा आठला लिहिला जात नसे,
कुठल्याच तारखेचा.
वाचक कुरकुरत,
"काय पागनीस, इतिहास अजून झोपलाय का?"
मी स्टूल धरून, बोटं गारठलेली.
ते वर, खडू हातात, तोंड रस्त्याकडे.
"थांब," म्हणायचे,
"भोपाळची पहिली बस येऊ दे."