खरचटलेली कांडी

अकरा महिने मी बाण काढले.
वाकडे, बारीक, इलेक्ट्रॉनांच्या जोडीला एकेक,
जणू मी समोर उभी राहून पाहिलंच होतं
नायट्रोजनला हात पुढे करताना
आणि ब्रोमिनला काढता पाय घेताना.

कझानचा हिवाळा. काझान्का नदी गोठलेली,
माणसं बर्फाला भोक पाडून
बादल्या उलट्या घालून बसलेली, गळ सोडून.
मीही बसले होते खिडकीआड
एका मिलिसेकंदापुरत्या मध्यस्थ रेणूसाठी.
त्याला कुणी कधी बाटलीत धरलं नव्हतं.
पण त्याच्याशिवाय माझं गणित सुटत नव्हतं,
म्हणून तो होता.

निबंधाच्या मथळ्यातच मी लिहिलं : धातूविना.
उतारा सत्त्याऐंशी टक्के.

मग इल्नूर आला, निज्नेकाम्स्कचा, अबोल.
तीच कृती, तेच टोल्युइन, तेच तापमान,
तोच नऊ तासांचा धीर.
शून्य.
पुन्हा शून्य.
तिसऱ्यांदा तो काही बोललाच नाही,
टीएलसीची पट्टी फक्त माझ्या वहीवर ठेवून गेला.
दिव्याखाली एकच ठिपका,
कच्च्या मालाचा, जसाच्या तसा.

मी त्याला बोलले.
काय बोलले ते इथे लिहीत नाही.

काचसामान धुणाऱ्या मिन्सिलू आपा
हात पुसत म्हणाल्या,
"अगं, त्याला तुझी कांडी दे की."
कुठली कांडी?
"ती करडी, खरचटलेली. तू नेहमी तीच उचलतेस.
मी दोनदा फेकणार होते."

बोटाच्या पेराएवढी, पोटात चुंबक,
वरचं टेफ्लॉन ओरखडलेलं.
त्या ओरखड्यांत किडक्या दातातल्या काळ्यासारखं
कुणाच्या तरी जुन्या प्रयोगातलं पॅलॅडियम,
किती वर्षांचं, कोण जाणे.
माझ्याआधी या टेबलावर कोण बसायचं
ते मी कधी विचारलंही नव्हतं.

इल्नूरनं ती कांडी टाकली. शहाऐंशी.
कोरी कांडी टाकली. शून्य.
मग तिसरी, तशीच जुनी, दुसऱ्या खोलीतून मागून आणलेली :
बेचाळीस.
तो हसला. मलाही हसू आलं,
आणि मग बराच वेळ आलं नाही.

संपादकांना पत्र लिहिलं :
आमच्या मथळ्यातला "विना" हा शब्द
आम्ही मागे घेत आहोत.
त्याच्यामागोमाग सगळंच मागे आलं,
आकृत्या, आलेख, ते बाण.

कांडी आता एका कुपीत आहे.
कुपीवर आपांच्या अक्षरात चिठ्ठी :
धुऊ नये.

इल्नूर नव्या कांड्या अम्लराजात बुडवून ठेवतो
आणि पहिल्यापासून मोजतो, पॅलॅडियम धरून.
त्याचे बाण माझ्यापेक्षा कमी आहेत,
पेन्सिलीचे.

आणि तो मध्यस्थ,
ज्याची मी ऊर्जा काढली, आकार काढला,
ज्याच्या बंधांचे कोन मला अजून पाठ आहेत,
तो कधी जन्मलाच नव्हता.
मला त्याची आठवण येते.
हे कुठल्या तक्त्यात लिहू?