करण्यात आले

गुरुवारी दिल्लीत मुलाखत.
अर्धा तास, म्हणे. टेबलापलीकडे पाच जण.
नागपूरचे दाभाडकर सर फोनवर वैतागतात :
"मॅडम, तुमच्या उत्तरांत कर्ताच सापडत नाही.
पाणी सोडण्यात आले, लोक हलवण्यात आले,
पंचनामे करण्यात आले...
कुणी केलं हे सगळं? भुतानं?
'मी' म्हणायला शिका आता. पद मोठं आहे."

एकवीस वर्षं मी 'मी' लिहिलं नाही.
टिपणीत तो बसत नाही.
चुकलं तर कुणाचं नाव निघू नये,
साधलं तर वरच्यांचं निघावं,
एवढी सोय त्या एका क्रियापदात.

दोन दिवसांची रजा टाकली
आणि साकोलीवरून आत मोहटोल्याला आले.
पहिल्या नेमणुकीचं गाव.
इथलाच प्रसंग अर्जात भरलाय, 'नेतृत्वगुण' या रकान्यात,
दोनशे शब्दांत, कर्त्यासकट :
अतिवृष्टीच्या रात्री तलावाची पाळ न फोडण्याचा निर्णय
मी घेतला. एकशे चाळीस एकर धान
मी वाचवलं.

पाळीवर उरकुडा दिघोरे शिंगाडे सोलत बसलेला.
पाटकरी. तेव्हाही रोजीवर, आताही.
बोटं काळी, नखांत हिरवं.
"वाचून सांगा ना, बाई, का लिवलं त."
वाचलं.
खालून एक बगळा उडाला, सलंगाकडे गेला.
त्यानं एक शिंगाडा माझ्या हातावर ठेवला.
"बेस लिवलं. पन तुमी त
फोडा मनून कागद देल्ला होता ना मले?"

दिला होता.
जीपच्या टपावर पाऊस बडवत होता,
वायरलेसवर कुणी तरी ओरडत होतं, फोडा, फोडा,
मी सव्वीस वर्षांची, मांडीवर पॅड,
सही करताना पेन दोनदा निसटलं.
कागद घेऊन हा अंधारात गेला
आणि मी काच वर केली.

"खिशात ठेवला अन् पान्यात उतरलो.
तुडूमात पळसाचं खोड अडकलं होतं,
थे काढता काढता झुंजुरका झाला.
वर येऊन पायतो त कागदाचा लगदा.
अक्षर नाई, सही नाई.
मंग म्या मनलं, आदेशच नाई त फोडू कायले?"
हसला. समोरचे दोन दात आता नाहीत.

सकाळी मी अहवाल लिहिला होता :
'पाळ फोडणे टाळण्यात आले.'
तेव्हा वाटलं होतं, खोटं तर काही नाही यात.
नव्हतंच.
ज्या जागी माझं नाव नको होतं
त्याच जागेत याचंही बुडालं, इतकंच.

निघताना त्यानं विचारलं,
"थे कायम करायची फाईल, बाई?"
"वर आहे."
"तवाबी वरच होती."
मग जरा थांबून, खरंच कुतूहलानं,
"वर मंजे कोन असते जी?"

साकोली गेली, लाखनी गेली.
ड्रायव्हरला रेडिओ बंद करायला सांगितला.
ओंजळभर शिंगाडे पर्समध्ये, आतले कागद ओलसर.
काचेतल्या माझ्या तोंडाला मी पाच जण समजले
आणि उत्तराचा सराव केला :

पाळ उरकुडा दिघोरेनं वाचवली.
मी फोडायला सांगितली होती.

नवलच. वाक्य केवढं लहान झालं.
दाभाडकर सर म्हणतील, गुण जातील.
जातीलही.
पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.
ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं,
"काही म्हणालात, मॅडम?"

"हो," म्हटलं. "मी."