दिवा लाव

बागवान मास्तर गेले, बातम्यांत सांगितलं.
मग त्यांचंच गाणं लावलं.

साखर पेठेत मागांच्या खडखडाटात
नायनानं ते जन्मभर ऐकलं.
फळीवर टेप, भुवयांत कापूस,
तेलुगू वळणाच्या मराठीत, धोट्याच्या ठेक्यावर
तो म्हणायचा,
‘दिवा लाव गं, दिवा लाव’
आणि अम्मा
विड्यांचं सूप मांडीवरून उतरवून
खरंच बटण दाबायची.
भर दुपारीसुद्धा.

माग भंगारात गेले.
त्याच्या पाठोपाठच.

आज घर इतकं गप्प
की गाण्यात तबला आहे हे कळलं.
आणि शब्द:
‘जीव लाव गं, जीव लाव.’

मास्तर, तुमचं काहीतरी चुकतंय.

बाहेर एप्रिलचं ऊन,
पत्रा तडतडतोय.
मी उठले,
बटण दाबलं.