चिंगळी

इनासने आजवर होड्यांची नावंच रंगवली,
फार तर नाळेवर एखादी सायबीण.
मांजर कधीच नाही.
“फोटो?” म्हणाला.
एकच आहे, तोही शेपटीचा.
उरलेली चिंगळी मी तोंडी सांगितली:
पाठ गंजल्या नांगरासारखी,
पोट पेजेच्या निवळीचं,
डाव्या मिशा आखूड, जळलेल्या,
चुलीत बांगडा शोधताना.

आगाऊ म्हणून दोन वाटे सुंगटं दिली.
त्याने फुटक्या होडीची फळी काढली,
कुणाच्या तरी होडीतून उरलेला रंग.

आठ दिवसांनी बेतूलच्या धक्क्यावर
फळी उन्हाला टेकवलेली.
चिंगळी ताठ बसलेली,
मिशा दोन्हीकडे सारख्या,
चेहरा उपासाच्या दिवसाचा.
“इनास, ही माझी नव्हे.
हिने जन्मात काही चोरलेलं नाही.”

तो हसला नाही.
अंगठ्याने डाव्या मिशा पुसल्या,
आणि उजवा डोळा
जरासाच मिटवला.

आता ती बाजारात माझ्या पाठीशी,
तराजूच्या वर, खिळ्याला.
गिऱ्हाईक विचारतं, ही केवढ्याला?
मी इसवणाचा भाव सांगते.
माशा येतात, तिच्या नाकावर बसतात.
तेव्हाही ती
हाकलत नसे.